जेवायची हाक

१

ऐका. एका गावात एक भाड्याचं घर होतं आणि त्या घरात चार माणसं राहायची. एक म्हातारी, तिचा मुलगा, मुलाची बायको आणि त्यांची धाकुटी लेक. म्हातारीनं जन्मभर कोंबड्या पाळल्या होत्या. मुलगा आवाज करून पोट भरायचा. सून शहरातली बस चालवायची. आणि लेक काहीच करायची नाही, नुसती जेवत बसायची. एकेक कण चिमटीत उचलायची, त्याच्याकडे बघायची, मग तोंडात टाकायची. म्हणून तिला मुंगी म्हणायचे.

आवाज करून पोट भरायचं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कंप्युटरवर खेळ खेळतात ना, त्यातल्या माणसांच्या पायांना, दारांना, जनावरांच्या जबड्यांना आपला असा आवाज नसतो. तो कुणीतरी बाहेरून घालायचा असतो. हा मुलगा तो घालायचा. ओला टॉवेल पिळला की मांस फाटायचं. गाजर मोडलं की हाड मोडायचं. हातमोज्याच्या बोटांना कागद अडकवायच्या क्लिपा बांधून फरशीवर टिचक्या मारल्या की नखांचे पाय चालायला लागायचे.

"आमच्याकडे गाजर कुणाच्या पोटात जात नाही," सून म्हणायची, "आमच्याकडे त्याची हाडं होतात."

घराच्या मागच्या बाजूला एक अडगळीची खोली होती. खिडकी नाही, झरोका नाही. रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून मुलानं तिच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. आत गेलं की आपलं बोलणं आपल्याच हनुवटीखाली पडायचं. म्हातारी आत पाऊल टाकायची नाही. म्हणायची, "खोली कसली रे ती, उशीच्या पोटात शिरल्यासारखं होतं."

तिच्या कोंबड्या कधीच्या संपल्या होत्या, पण कोंबड्यांना घालायची हाक तेवढी राहिली होती. जीभ टाळूला लावून टुक्, टुक्, टुक्, आणि शेवटी घशातून लांब, मऊ कुर्र. ही हाक आली की पूर्वी सगळं अंगण पायांशी गोळा व्हायचं. दाणा टाकायला तीच हाक, आणि कापायची कोंबडी धरायलाही तीच. त्यासाठी वेगळी हाक कुणी ठेवत नाही. ठेवली तर कोंबडी येईल का?

आता त्या हाकेला मुंगी यायची. आईनं बोलावलं तर यायची नाही, बापानं डोळे वटारले तर पलंगाखाली जायची. आजीनं टुक् टुक् केलं की हातातलं टाकून धावत यायची आणि ताटापुढे मांडी ठोकायची.

२

मग म्हातारीच्या घशात गाठ आली.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही. "गाठ निघेल, आजी. जीव राहील. आवाजाचं मात्र मी सांगू शकत नाही. आला तर वर्षानं येईल, नाहीतर नाही."

घरी आल्यावर मुलगा बराच वेळ हातमोज्याच्या क्लिपा सोडत बसला. मग म्हणाला, "आई, चल आत. तुझा आवाज भरून ठेवतो."

"लोणचं आहे का भरून ठेवायला?"

"चल गं."

ती पहिल्यांदाच त्या खोलीत जाऊन बसली. समोर मायक्रोफोन, त्यावर काळा स्पंज. मुलानं दार लावून घेतलं. "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या लहानपणचं सांग. मला शिव्या दे."

म्हातारी एरवी बोलायला लागली की शेजारी भांडी घासायचे थांबायचे. पण त्या काळ्या स्पंजापुढे तिची वाचाच बसली. तोंड उघडायची, मिटायची. गाद्यांकडे बघायची. शेवटी म्हणाली, "अरे, मी माणसांशी बोललेय किती? सारा जन्म कोंबड्यांशी बोलले." आणि सवयीनं जीभ टाळूला लागली. टुक्, टुक्, टुक्, कुर्र.

बाहेर मुंगी धावत आल्याचा आवाज झाला आणि दारावर धपका बसला.

दोघं मायलेक इतके हसले की पुढचं काही भरलंच गेलं नाही. आधीचं बोलणं झालं तोवर त्यानं यंत्र सुरू केलंच नव्हतं, बटण दाबलं ते नेमकं हाकेच्या वेळी. तेव्हा म्हातारीच्या आवाजातलं यंत्रात उरलं ते एवढंच. हाक.

३

गाठ निघाली, जीव राहिला, आवाज गेला. घशातून नुसती हवा यायची. कुणाच्या कानाला तोंड लावून फुंकर घातल्यासारखं बोललं तरच शब्द कळायचा. मुंगीला त्याच्या गुदगुल्या व्हायच्या, म्हणून ती कान द्यायची नाही.

जेवायला बोलवायचं तर म्हातारी ताटावर चमचा वाजवायची. मुंगी यायची नाही. चमचा म्हणजे औषध, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताटं गार व्हायची. पोर वाळत चालली. सून पहाटेची पाळी करून आली की आधी लेकीचं मनगट धरून बघायची.

इकडे मुलाच्या हाती एक मोठं काम आलं होतं. बाग बांधायचा खेळ होता. झाडाफुलांची नव्हे, प्राण्यांची बाग. प्राणीही कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले, डायनोसॉर. खेळणाऱ्यानं कुंपणं घालायची, तळी खणायची, प्राणी सोडायचे आणि पाहुणे बोलवायचे. मुलानं मोठमोठ्या धुडांचे आवाज केले, ते पसंत पडले. एकाच चिमुरड्या प्राण्यापाशी घोडं अडलं. कोंबडीपेक्षा जरासा उंच, मागच्या दोन पायांवर पळणारा, बारीक मानेचा, मांस खाणारा. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून घरात त्याला लुकड्या म्हणायला लागले.

"एवढासा तर आहे," सून म्हणाली, "चूं म्हणायला लाव आणि मोकळा हो."

"तसं नाही, ड्रायव्हरसाहेब. हा एकटा असला तर लाजतो. लांब उभा राहून बघत बसतो. याला खाणं दिसलं की हा आपल्या टोळीला हाक मारतो. ती हाक पाहिजे. मी दहा तऱ्हा करून पाठवल्या. वरचे म्हणतात, भीती वाटत नाही."

"आणि टोळी आली की?"

"मग लाजत नाही."

जेवण झाल्यावर तो आईच्या शेजारी येऊन बसला. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, तुझी हाक घालू का त्यात?"

म्हातारीनं मान हलवली. कोणती आई नाही म्हणेल? आपला आवाज आपल्यातून गेला, पण जगात कुठंतरी वाजेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पुन्हा एकदा मान हलवली, जोरात.

वरच्यांना हाक अशी आवडली की त्यांनी मुलाला फोन करून विचारलं, "हे केलं कसं? ऐकून भीती वाटत नाही हो. ऐकून जावंसं वाटतं. तेच भयंकर आहे."

४

तो दिवस साधा होता. सून बसवर. मुलगा कचेरीत खेळ दाखवायला गेलेला, कंप्युटर बगलेत मारून. मुंगी पुढच्या खोलीत खिडकीखाली बसून खडूनं फरशी रंगवत होती. म्हातारीनं अंडं सोललं, पावाचे तुकडे केले, कोंबडीचं थोडं मांस हाडापासून सोडवून ताटात ठेवलं आणि चमचा वाजवला.

मुंगीनं वर बघितलंसुद्धा नाही.

म्हातारीनं पुन्हा वाजवला. आणि तेव्हा हाक आली.

टुक्, टुक्, टुक्, कुर्र.

म्हातारीचा हात आपोआप गळ्याकडे गेला. क्षणभर तिला वाटलं, आपलाच आवाज परत आला. घसा थरथरला नव्हता. ओठ मिटलेले होते. हाक घरातूनच आली होती, मागच्या बाजूनं.

मुंगी उठली. आजीच्या हातातलं ताट घेतलं, दोन्ही हातांनी नीट धरलं आणि मागच्या खोलीत गेली.

म्हातारी गुडघ्यांना हात लावत लावत मागोमाग पोहोचली, तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. आत अंधार. टेबल रिकामं, कंप्युटर घरात नव्हताच. मुंगी जमिनीवर मांडी घालून, भिंतीच्या गाद्यांकडे तोंड करून बसली होती. पुढ्यात ताट. ताट चाटूनपुसून लख्ख.

म्हातारीनं तिला उचलून उजेडात आणलं. कानाला तोंड लावून विचारलं, "कुणी बोलावलं?"

मुंगीला गुदगुल्या झाल्या. मान वेळावून ती हसली. "तूच की."

५

संध्याकाळी म्हातारीनं मुलाच्या कानात सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आई, मी त्या खोलीत दोन स्पीकर ठेवलेत. त्यांच्या पोटात थोडं साठलेलं असतं. वीज खालीवर झाली की कधीकधी बोलतात." मग म्हणाला, "आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना? आवाज गेलेल्यांना आपलाच आवाज ऐकू येतो कधीकधी."

त्यानं स्पीकरांच्या वायरी उपटून काढल्या आणि स्पीकर पुढच्या खोलीत आणून ठेवले. म्हातारीला बरं वाटलं. ती काही खुळी नव्हती. साप साप म्हणून भुई धोपटायची तिला सवय नव्हती. मुलगा शिकलेला, यंत्रातला. तो म्हणतो तसंच असणार.

दुसऱ्या दिवशी ताट वाढलं आणि हाक आली. मागच्या खोलीतूनच.

मग ती रोज यायला लागली. ताट भरलं की हाक. मुंगी उठायची, ताट घ्यायची, जायची, रिकामं ताट आणून द्यायची. पाच मिनिटांत. मुलगा घरी असला की हाक यायची नाही, मुंगी त्याच्यासमोर नेहमीसारखी कण कण टिपत बसायची.

सून मात्र खुशीत होती. "आई, काय जादू केलीत? ताट बघा, घासायचीही गरज नाही!" तिनं लेकीचं मनगट धरलं. आणि तिचं हसू थोडं मागे सरलं. "एवढं खाते ती, जातं कुठं?"

म्हातारीही तेच विचारत होती. पोरीच्या गालांची हाडं दिसायला लागली होती.

एका दुपारी तिनं मुंगीला मांडीवर घेतलं, गुदगुल्या होऊ नयेत म्हणून कानाऐवजी तिच्या केसांत तोंड घातलं. "तू खातेस ना गं आत?"

"मी कशाला? ते खातात."

"ते कोण?"

"लुकडे." मुंगी तिच्या पदराच्या टोकाशी खेळत होती. "आधी लांब उभे राहायचे. लाजायचे. आता नाही लाजत. आता असे बसतात." आणि तिनं हात आपल्या गुडघ्याला टेकवून दाखवला, अगदी चिकटवून.

पोरांच्या तोंडी काय नसतं? बापाच्या ताटावर रोज लुकड्याचाच विषय. ऐकलेलं पोर सांगणारच. म्हातारीनं स्वतःला समजावलं. समजावता समजावता तिचं लक्ष मुंगीच्या पायांकडे गेलं. डाव्या मोज्याचं टोक नव्हतं. अंगठ्याच्या पुढचा लोकरीचा भाग गोल कुरतडून नेलेला होता. नुसता मोजा. अंगठ्याला ओरखडाही नव्हता. चव घेऊन बघावी तसं.

६

"उंदीर," सून म्हणाली. मोजा उजेडात धरून तिनं तोंड वाकडं केलं. "भाड्याचं घर आहे, आई. उंदीर भाडं देत नाहीत एवढाच फरक."

मागच्या खोलीत पिंजरा लागला. त्यात मांसाचा तुकडा. सकाळी पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं, तुकडा गेलेला होता आणि आत कुणी नव्हतं.

"हुशार दिसतो," मुलगा म्हणाला. हसला. पण पिंजरा उचलताना त्यानं आत हात घातला नाही, लांबून काठीनं ओढला. म्हातारीनं ते पाहिलं. त्यालाही दिसलं की तिनं पाहिलं.

त्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर म्हातारीनं मागच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली. दारासमोर आपली खुर्ची ओढली आणि मुंगीला मांडीवर घट्ट धरून बसली. ताट वाढलंच नाही. जेवण झाकून ठेवलं. ताट नाही तर हाक नाही, असा तिचा हिशोब.

दुपार झाली. रस्त्यावर एक फेरीवाला ओरडत गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. नळ टपटपत होता, तो तिनं उठून बंद केला आणि परत येऊन बसली. तेवढ्यात दाराच्या आतून, अगदी खालून, फरशीच्या फटीपाशी आवाज झाला. टिक्. टिक् टिक्. क्लिपा बांधलेल्या हातमोज्यासारखा. हातमोजे तर पुढच्या खोलीत खुंटीला लटकलेले होते. ती मान वळवून बघत राहिली. दोन्ही तिथंच होते.

मग हाक आली.

टुक्, टुक्, टुक्, कुर्र.

मुंगी मांडीत वळवळली. म्हातारीनं हात आवळले. ही तर मुलाच्या यंत्रातली हाक, असं ती मनाशी म्हणत राहिली. कुठंतरी यंत्र असेल. भरून ठेवलेलं तेवढंच वाजेल, त्याच्यापुढे काही नाही.

"ये गं मुंगे," आतून आवाज आला. "गार होतंय. ये."

तिचाच आवाज. तिचा गेलेला आवाज. सकाळी उठल्यावर जरा घोगरा असायचा, तसा. पण हे शब्द तिनं कधी भरलेच नव्हते. त्या काळ्या स्पंजापुढे तिला शब्दच सुचले नव्हते.

"आजी, सोड," मुंगी म्हणाली. "आजी बोलावतेय."

"मी इथं आहे," म्हातारी म्हणाली. म्हणजे तिनं तोंड उघडलं आणि हवा बाहेर पडली. तिनं जीभ टाळूला लावली, सगळा जीव घशात आणला. हवा. तेवढीच. आतली हाक पुन्हा आली, आणखी मऊ, आणखी मायेची. पोरीनं आजीच्या मनगटाला चावा घेतला, मारामारी केली, रडली. म्हातारीनं सोडलं नाही.

आणि मग एक गोष्ट अशी झाली की ती तिनं पुढे कुणालाही सांगितली नाही. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा उठली ती मुंगी नव्हे. म्हातारीच उठली. तिला भूक लागली होती. लहानपणी, दिवसभर उन्हात हिंडून आल्यावर लागायची तशी. आत कुणीतरी तिचं वाढून बसलं होतं आणि तिच्या वाटेकडे डोळे लावून होतं, असं तिला आतड्यापासून वाटलं. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. एक हात मुंगीच्या दंडावर होता. दुसऱ्यानं कमरेची किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली.

दार उघडलं. बाहेरचा उजेड आत फरशीवर आडवा पडला, आणि जिथं तो संपत होता त्याच्या पलीकडे, गाद्यांच्या कडेनं, बारीक माना होत्या. नुसत्या माना तिला दिसल्या. सगळ्या एकाच वेळी एका बाजूला कलल्या. कोंबड्या कलतात तशा, एका डोळ्यानं नीट बघायला.

पण कोंबडी हाताकडे बघते. जन्मभर तिच्याकडे कोंबड्यांनी असंच बघितलं होतं, हाताकडे, हातात काय आहे त्याकडे. तोंडाकडे कोंबडी कधी बघत नाही.

हे तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि मग, सावकाश, सगळे मुंगीकडे बघायला लागले. कारण ताट नव्हतं. ताट तिनं वाढलंच नव्हतं.

म्हातारी मुंगीला दंडाला धरून ओढत धावली. तिच्या वयाला जेवढं धावता येतं तेवढी. स्वयंपाकघरातलं झाकलेलं पातेलंच्या पातेलं उचललं आणि आत, अंधारात, फरशीवर पालथं केलं.

७

सून परत आली तेव्हा म्हातारी पायरीवर बसली होती, मुंगीला कुशीत घेऊन. रिकामं पातेलं शेजारी. मागच्या खोलीच्या फरशीवर एक डागही नव्हता.

मुलाच्या कानात तिनं एवढंच फुंकलं, "ती हाक काढून टाक. खेळातून काढ."

तो तिला खुळी म्हणाला नाही. तिला वाटलं, म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"आई, खेळ कालच बाहेर पडला," तो म्हणाला. "आता तो माझ्या हातात नाही. किती घरांत वाजतोय याचा पत्ता नाही. आणि लोकांना सगळ्यांत जास्त काय आवडलंय माहीत आहे?"

तिला माहीत होतं.

"पोरं ती हाक पुन्हा पुन्हा लावतात म्हणे. घराघरात."

म्हातारीनं त्याचा हात हातात घेतला. तिच्या घशाला जे झालं होतं, ते आता त्यालाही झालं होतं. तोंड उघडं आणि आत नुसती हवा.

दुसऱ्या दिवसापासून ती काय शिकली, ते सांगते. ताट वेळेवर वाढायचं. भरून वाढायचं. पोरीचं आधी, पुढच्या खोलीत, आपल्या हातानं भरवायचं. आणि मग दुसरं ताट मागच्या दाराशी ठेवायचं आणि पाठ फिरवायची. चुकवायचं नाही. मुंगी हळूहळू अंग धरायला लागली.

८

आणि मग त्या घराचे दिवस पालटले. एकदा नशीब वळलं की चारी बाजूंनी येतं म्हणतात, तसं आलं.

खेळ असा चालला की वरच्यांनी मुलाला कायमचा ठेवून घेतला, कचेरीत त्याला आवाजाची स्वतंत्र खोली दिली. सुनेला पहाटेची पाळी सुटून दिवसाची, जवळची फेरी मिळाली. भाड्याचं घर सुटलं. निघताना मुलानं मागच्या खोलीतल्या गाद्या उतरवल्या. भिंत साधीच निघाली. फक्त जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, खोलीभर, तिचा रंग घासून गुळगुळीत झाला होता. "गाद्यांनी घासला," मुलगा म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

नवं घर मोकळं होतं. प्रत्येक खोलीला खिडकी, मागे ऊन पडणारं अंगण, अडगळीला जागाच नाही. तिथं हाक आली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आलीच नाही. म्हातारी पहिले काही दिवस दुसरं ताट अंगणाच्या दाराशी ठेवत राहिली. त्याला मुंग्या लागल्या, खऱ्या मुंग्या. मग तिनं ठेवणं बंद केलं. सून म्हणाली, "आई, तुमच्या गालावर जरा रक्त आलंय." आलं होतं.

आणि एका सकाळी खोकताना तिच्या घशात काहीतरी वाजलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, टाळी वाजवली. "आजी! आला की!"

त्या सुट्टीच्या दुपारी सगळे नव्या टेबलाभोवती बसले. मुंगी अंगणात होती. ताटं वाढलेली. सून म्हणाली, "आई, आज चमचा नको. आज हाक मारा."

म्हातारीनं मान हलवली. नको.

"अहो, मुंगीचा हक्क आहे. किती दिवस झाले ऐकून."

"मार ना आई," मुलगा म्हणाला. "एकदा. तुझ्या तोंडून ऐकू दे."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं, घाबरतेस कशाला? आपलाच आवाज. तिनं जीभ टाळूला लावली.

टुक्, टुक्, टुक्, कुर्र.

भरदार आला. पूर्वीसारखा. सून हसत हसत रडायला लागली, मुलानं तोंड हातांनी झाकलं. अंगणातून मुंगी धावत आली, गुबगुबीत पाय फरशीवर थपथपत, आणि खुर्चीवर चढून बसली.

मुंगी बसली. पाय थांबले नाहीत. टिक् टिक् टिक् करत ते तिच्या मागून आले, टेबलाखाली शिरले, जरा सरकासरकी केली, पंगतीत करतात तशी, आणि शांत झाले.

मुलानं आईकडे बघितलं. आईनं मुलाकडे बघितलं. सून डोळे पुसत होती.

म्हातारीनं आपलं ताट उचललं, टेबलाखाली ठेवलं आणि हसून म्हणाली, "मला भूक नाही. तुम्ही जेवा."

तेव्हापासून त्या घरात रोज दुपारी हाक होते. हाक चुकत नाही, ताट चुकत नाही. बाकी कशालाही उणं नाही. मुलाचं नाव झालं, सुनेच्या कपाळावरची आठी गेली, मुंगी वीत वीत वाढते आहे, कुणाला साधा ओरखडा नाही. म्हातारीला सगळे म्हणतात, शंभर वर्षं जगा. ती म्हणते, "जगायलाच हवं." आणि कधी तिला खोकला आला, डोळा लागला, तर मुंगी अंगणाच्या दारात उभी राहून हाक मारते. आता तिलाही येते. हुबेहूब.

"बघा आई," सून कौतुकानं म्हणते, "तुमच्यामागे ही आहेच."

असं त्या घराचं भलं झालं. त्यांच्याकडे ताटात कधी काही उरलं नाही आणि दारातून कुणी उपाशी गेलं नाही.